खाटेवरून दिसणारं घर

आमच्या घरी आजाऱ्याची सेवा फार चांगली व्हायची. असं मी म्हणत नाही. आमच्या घरातले पुरुष म्हणायचे, आणि आल्यागेल्याकडून म्हणवूनही घ्यायचे. मुरबाडात कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक माझ्या थोरल्या दिरांचा सल्ला घ्यायला येत. दीर ओटीवर बसून, पानाला चुना लावत, सेवा कशी करावी ते समजावून सांगत. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हगणं-मुतणं मी काढत होते, त्यांना भरवत होते, त्यांची कूस बदलत होते. पण सेवेचं शास्त्र सगळं दिरांपाशी होतं. एकत्र कुटुंबात कामाची वाटणी असते ती अशी.

तर अशा या नावाजलेल्या घरात ती बाई आली, मामंजींच्या खाटेपाशी घटकाभर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाताऱ्याला जरा खुरचीवर बसवा. मला निजायचंय."

तिला नाव असणारच, पण ते तिनं कधी सांगितलं नाही. शहापूरकडच्या शेणव्याची, म्हणून आम्ही तिला शेणवेकरीण म्हणायचो. उंच, हडकुळी, उजव्या कानाची पाळी फाटलेली, तोंड मिश्रीनं काळंभोर. घरोघरी राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांचं करायचं हा तिचा धंदा. थोरले दीर म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला गेले होते. बैल पसंत पडला नाही, तेव्हा दोन घोंगड्या आणि ही बाई गाडीत घालून ते परत आले. मला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला मी टोकावड्याला माहेरी जाणार, मग मामंजींचं कोण करणार, असा घरापुढे प्रश्न पडला होता. थोरल्या जाऊबाईंना दमा होता. तो एरवी बरा असायचा, काम दिसलं की उठायचा.

मामंजींना अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. गेल्या काही महिन्यांपासून त्या हाताचं बोट ते सारखं वर करत. खाटेवर उताणे, नजर वर, बोट वर. एका कीर्तनकारबुवांनी ते पाहिलं आणि आमच्या ओटीवरच निकाल देऊन टाकला, की यांचा जीव संसारातून सुटला, आता वरच्याकडे लागलाय. झालं! ज्यांनी जन्मभर बांधाच्या वितीवरून भावकीची डोकी फोडली, ते मामंजी एका दुपारीत संत झाले. आसपासच्या बायका नारळ घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. दिरांनी खाटेशी धुपाटणं ठेवलं. धुरानं मामंजींना ढास लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणायचे, भाव दाटून आला.

त्यांची खाट माजघरात होती, माळ्यावर चढायला जे चौकोनी तोंड ठेवलं होतं त्याच्या बरोबर खाली. वर छपरात काचेचं कौल होतं, त्यातून उजेड यायचा. बापाला हवा-उजेड पाहिजे म्हणून दिरांनी ही जागा खास निवडली होती, आणि ही निवड ते प्रत्येक पाहुण्याला हटकून सांगत. पाहुणा आला की खाटेवर एक तांबडी शालही यायची. कुठल्याशा सरकारी समारंभात मामंजींना मिळालेली ती शाल होती. पाहुणा फाटकाबाहेर पडला की शालीची घडी पुन्हा पेटीत. मग मामंजी, त्यांची फाटकी वाकळ आणि त्यांचं ते बोट.

शेणवेकरणीनं निजायचं म्हटलं तेव्हा आम्हाला वाटलं, बाई दमली असेल. तर तसं नव्हतं. आम्ही मामंजींना उशा लावून खुर्चीत बसवलं आणि ती त्यांच्या खाटेवर, त्यांच्याच घाणेरड्या वाकळेवर, उताणी पडली. उजवा हात तिनं अंगाखाली दाबून धरला. डोळे टक्क उघडे. पाण्याच्या तांब्याकडे डावा हात लांबवून बघितला. तो पोचला नाही. तांब्या माझ्या सोयीनं ठेवलेला होता, वाकावं लागू नये असा, कोनाड्यात. एक माशी तिच्या नाकावर बसली, ती तिनं हाकलली नाही. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले. भात शिजून खाली उतरला तरी बाई तशीच पडलेली.

मग ती उठली, तांब्या उचलून खाटेशी डाव्या हाताला ठेवला आणि मला म्हणाली, "आता तू नीज."

"मी? मामंजींच्या खाटेवर?"

"मग काय माझ्या? दोन वरसं करतेयस ना गो याचं? काय करतेयस ते बगून तरी घे."

मला राग आला. दोन वर्षं मी पाठ मोडून केलं, आणि ही कोण कुठली काळ्या तोंडाची बाई मला शिकवणार! पण खरं सांगायचं तर सातव्या महिन्यात दुपारच्या वेळी कुणी नीज म्हटलं की माणूस फार वाद घालत नाही. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि निजले.

आधी काचेच्या कौलाचा उजेड डोळ्यांत शिरला. मग हळूहळू दिसायला लागलं. माळ्याच्या तोंडावर दोन बांबू आडवे टाकलेले होते, साफ तासलेले. त्यांच्यालगत कामट्यांची जुडी, सुतळीचा गुंडा, एक कोरं मडकं. आणि वाशाला टांगलेलं मांजरपाटाचं पांढरंशुभ्र बंडल.

तिरडीचं सामान होतं ते.

आणि मुरबाडातल्या निम्म्या तिरड्या मामंजींच्या हातच्या होत्या. कुणी गेलं की बांबू तोडण्यापासून गाठी मारण्यापर्यंत त्यांनाच बोलावणं यायचं. ते सामान कशाचं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. कुणाच्या मापाचं, हेही त्यांना कळलं असणार; त्यांच्याएवढा उंच माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आम्ही घरातली सगळी उभी माणसं. उभ्या माणसाची नजर समोर जाते नाहीतर खाली जाते. त्या खाटेपाशी मी दिवसातून वीस वेळा उभी राहत होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. मामंजी बोटानं दाखवत होते, आणि आम्ही त्या बोटाला नारळ वाहत होतो.

मी उठून बसले आणि रडले. सेवा चांगली होते म्हणून ज्या घराचं नाव, त्या घरातली सेवा करणारी मीच, तेव्हा लाज कुणावर ढकलायलाही जागा नव्हती.

दीर आले. बाईनं त्यांनाही निजवलं. ते कसे निजले हे मला अजून कोडं आहे, पण तिच्या सांगण्यात एक असं होतं की माणूस आधी करून बसायचा आणि मग चिडायचा. पागोट्यासकट ते आडवे झाले, वर बघितलं, आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "हां, ते मीच ठेवलंय."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? कापडावर कंट्रोल हाय. येळेवर परमिट नाय मिळालं तर बापाला काय उघडा नेऊ? सोय करून ठेवली. माझं काय चुकलं?"

ते मनापासून बोलत होते, हेच त्यातलं भयंकर. लढाईचे दिवस, धोतराचं पान मिळायची मारामार. असं सामान आधी घरात आणू नये हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बापाच्या अंगावर कोरं कापड पडावं म्हणून त्यांनी कल्याणला तीन खेपा घातल्या होत्या. त्याच थंडीत बाप फाटक्या वाकळेवर कुडकुडत होता. मेलेल्या बापाला कापड लागतं हे त्यांना कळत होतं. जिवंत बापालाही लागतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाईनं शिडी लावली, वर चढली आणि सगळं खाली काढलं. बंडल उलगडून तिनं दातानं कड तोडली आणि टराटरा फाडून चार अंथरुणं केली. दीर ओरडत राहिले, की हा अपशकुन आहे, जित्या माणसाला या कापडावर निजवतात का! ती म्हणाली, "कापडाला काय ठावं, वरचा जिता का मेला? कोरं हाय, मऊ हाय." एक बांबू तिनं खाटेच्या वर आडवा बांधला, म्हाताऱ्याचा डावा हात पोचेल इतपत खाली. गाठ कशी मारायची ते ती मामंजींना विचारत होती. "अशी? का अशी?" आणि मामंजी मान हलवत होते. दोन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं त्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी तो बांबू धरून ते स्वतः उठून बसले. कोऱ्या मडक्यात तिनं आपली मिश्री ठेवली.

गावात बोभाटा झाला. अमक्यांच्या सुनांनी जित्या सासऱ्याला तिरडीच्या कापडावर निजवलं. त्यात मामंजींनी बोट वर करायचं सोडून दिलं, म्हणजे संतपणही गेलं. नारळ बंद झाले. दिरांच्या ओटीवर सल्ला विचारायला येणारे आता सहानुभूती दाखवायला येऊ लागले, आणि दिरांना ते सोसेना. त्यांनी बाईला सांगितलं, बोचकं बांध.

"बांधते की," ती म्हणाली. "पन काम ज्याचं त्याला इचारा."

"बापाला काय कळतंय?"

ती खाटेशी गेली. "बाबा, राहू का जाऊ? राहू तर हात धर."

मामंजींनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. ते त्यांनी सोडलंच नाही. दीर समोर उभे राहिले, खाकरले, बसले, परत उठले. शेवटी त्यांच्या जेवणाची वेळ झाली आणि ते जेवायला निघून गेले. बाई राहिली.

आता तिला कुणी देवी समजू नये, म्हणून सांगते. ती गूळ चोरायची. विचारलं तर उंदरांचं नाव सांगायची, आणि आमच्याकडे उंदीर काकवीच्या बरणीला झाकण लावून ठेवतात असं म्हणायचीही तिला लाज नव्हती. घोरायची तर अशी की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. सकाळी मिश्री लावताना तिच्याशी कुणी बोललं तर दिवसभर त्याच्याशी बोलायची नाही. भांडण हा तिचा विसावा होता. माझ्या नवऱ्याला ती तोंडावर "हा एक बिनकामाचा" म्हणायची. ते खोटं नव्हतं, पण ते म्हणायचा मान माझा होता.

मामंजींना हात लावायच्या आधी ती दर वेळी सांगायची, "हात लावते हां." कूस बदलताना सांगायची, पाणी पाजताना सांगायची. सवय अशी जडली होती की म्हशीची धार काढायला बसली तरी आधी "हात लावते हां" म्हणायची. जाऊबाईंनी तिची नक्कल बसवली होती. मी मात्र एकदा आठवून पाहिलं, की मामंजींना मी कशी वळवत होते. भाताचं पोतं वळवतात तशी, न बोलता, झटक्यात, कारण चुलीवर दूध असायचं.

पाहुण्यांशी तर तिचं उभं वैर. समाचाराला आलेला माणूस टेकला, त्यानं सुस्कारा टाकला, की ही विचारायची, "बगायला आलायस? मग पाय दाब." कुणाला मोरीतलं भांडं घासायला द्यायची, कुणाला वारा घालायला बसवायची. बुवा परत आले तेव्हा त्यांच्याकडून तिनं मामंजींची नखं काढून घेतली. महिन्याभरात आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ इतकी कमी झाली की चहाची पूड उरायला लागली. आणि तांबडी शाल तिनं उलटी चालवली. एरवी मामंजींच्या अंगावर शाल असायची. पाहुणा आला की ती काढून घडी करून ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "पाव्हन्याला कुटं थंडी वाजतेय?"

शहापुरात ती एका मोठ्या घरी होती, त्याची गोष्ट ती रंगवून सांगायची. घरात पाच सुना. म्हातारीला भरवायचे पाच दिवस पाच जणींनी वाटून घेतलेले. शनिवार-रविवार सगळ्यांचा मिळून. ते दोन दिवस म्हातारी उपाशी. सोमवारी ती आधाशासारखी खायची, म्हणून सोमवारवाली सून सगळीकडे सांगायची की माझ्याच हातचं त्यांना गोड लागतं. हे सांगताना शेणवेकरीण हसून लोळायची. मग एकदम म्हणायची, "शनवारी निजायला पायजे होतं त्यांनी तिच्या खाटंवर."

माझी टोकावड्याला जायची वेळ आली. गाडी जुंपायची होती, ती माझ्या सुजलेल्या पायांना तेल चोळत होती. मी विचारलं, "बाई, हे आधी निजून बघायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिनं तळव्यावर आणखी तेल घेतलं.

"माझा घरवाला नऊ वरसं पडून होता," ती म्हणाली. "असाच. वाचा नाय. समोरच्या भिंतीकडं बगायचा नि बोट दाखवायचा. तितं त्याचा कोयता टांगलेला. मी म्हनायची, हां, जाशील, बरा झालास की जाशील रानात. नऊ वरसं म्हनले. मेला तवा त्याला नेल्यावर मी दमून त्याच्या जाग्यावर पडले. तर त्या कोयत्याचं टोक बरोबर माझ्या डोळ्यात. वारा आला की हलायचा. आता पडंल, मग पडंल. नऊ वरसं त्याला ते भ्याव घातलं मी. नि वर सांगायची, जाशील रानात."

तिनं माझा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हात लावते हां."

मामंजी त्यानंतर आणखी तीन वर्षं जगले. माझ्या मुलीला त्यांनी डाव्या हातानं खेळवलं, आणि भावकीतला कुणी बांधावरून गेला तर त्याच हाताची मूठ दाखवत राहिले. संतपण अगदी धुऊन निघालं. ते गेले तेव्हा नवे बांबू तोडावे लागले आणि कापडासाठी दीर परमिटाच्या रांगेत उभे राहिले. सोय म्हणून काहीच नव्हती. बाईनं मामंजींना न्हाऊ घातलं, जुनी चार अंथरुणं धुऊन वाळत घातली आणि बोचकं उचललं. मामंजींच्या तेराव्याला दिरांनी जमलेल्या मंडळींना सांगितलं, की आमच्या घरात बापाची सेवा झाली तशी कुणाकडे होणार नाही. या वेळी ते खरं होतं. ती कुणी केली हे तेवढं सांगायचं राहिलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी शेणव्याचा एक माणूस बाजारात भेटला. शेणवेकरीण पडून आहे म्हणाला. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी मोटरीनं शहापूर गाठलं आणि तिथून बैलगाडीनं शेणवे.

पुतण्यानं तिला तिच्याच जुन्या घरात ठेवलं होतं. भला माणूस होता. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर. मला दारात गाठून कौतुकानं सांगू लागला, "काकीचं डोस्कं जरा फिरलंय. दिसभर कोयत्याकं बगत ऱ्हाते. रानाची सवय ना. मी म्हनतो, जाशील गो, बरी झालीस की जाशील रानात."

मी आत गेले. ती खाटेवर होती, नुसती हाडं आणि काळं तोंड. मला बघून म्हणाली, "सून आली गो मुरबाडची."

"जरा सरका," मी म्हटलं. "मला निजायचंय."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पुतण्यानं आणि मी तिला उचलून भिंतीला टेकवून बसवलं आणि मी तिच्या जागेवर आडवी झाले. तांब्या हाताशी होता. अंथरूण कोरडं होतं. आणि समोरच्या भिंतीवर, खुंटीला, तो कोयता. गंजलेला. टोक सरळ डोळ्यांत.

मी उठले. पुतण्या बाहेर गेल्यावर तिला हळूच विचारलं, "काढू का तो?"

"नको."

"अहो, पण तुम्हीच..."

"त्यानं नऊ वरसं बगितला. माझं आत्ताशी पयलं सरतंय."

मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, बाई, हा कसला हिशेब, तो माणूस केव्हाच सुटला, आता कुणाला दाखवायचंय हे? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तूच सांग. खाटंवरच्याचं ऐकायचं का उभ्याचं?"

हे तिनंच शिकवलेलं होतं, आणि ते तिच्यावर उलटवायची माझी लायकी नव्हती. पुतण्याला हाक मारली, तिला परत होती तशी, त्या भिंतीकडे तोंड करून निजवलं, वाकळ सारखी केली. कोयता होता तिथंच राहू दिला.

मग मी म्हणाले, "हात लावते हां." आणि तिची कूस बदलली. कोयत्याकडे पाठ आली.

तिनं माझं मनगट धरून ठेवलं. गाडीवान बाहेर हाका मारून दमला, शहापूरची मोटर गाठायची वेळ टळून गेली, तरी धरून ठेवलं.